चेष्टेची परवानगी

अलीगंज, लखनौ
३ मार्च २००९

चि. देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला त्याला मी जबाबदार नाही. जबाबदार आमच्या कॉलनीची सुशोभीकरण समिती आहे. होळी जवळ आली की त्या सात निवृत्त गृहस्थांना रंगाची उबळ येते. यंदा त्यांनी कोपऱ्यावरची टपालपेटी रंगवली, आणि इतक्या प्रेमानं रंगवली की तिचं तोंडच चिकटलं. रंगाचे तीन हात. पेटी आता देखणी आहे आणि मुकी आहे. मी लेखी तक्रार केली. अध्यक्ष म्हणाले, "भाईसाहब, अब चिट्ठी डालता कौन है?" माझ्या अस्तित्वाबद्दल इतकं स्वच्छ मत आजवर कुणी दिलं नव्हतं. तेव्हा हे पत्र टाकायला मी सवा मैल चालत मोठ्या पोस्टात जाणार आहे, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाच.

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि लाल पेन घ्यावंसं वाटलं. तू लिहितेस, "काका, तुमच्या 'हिरवे तेरा दिवस'ची मला मनापासून चेष्टा करायची आहे. सिनेमा करायचा आहे. परवानगी द्याल?" बाळ, चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे आपल्या लखनौच्या हिंदीत. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, टिंगल. लखनौत वाढलेल्या मराठी पोरांचं हे असंच होतं. उल्हास असताना तू पाहुण्यांपुढे म्हणाली होतीस, "बाबांनी मला खूप चांगली शिक्षा दिली," आणि पाहुण्यांनी उल्हासकडे कसं पाहिलं होतं ते मला आठवतं. भाव मात्र पोचला. माझ्या दिवंगत मित्राच्या मुलीनं माझ्या पुस्तकावर सिनेमा करायचं मनावर घेतलं, याहून जास्त काय हवं? तेव्हा ही लेखी परवानगी: कर चेष्टा. मनसोक्त कर. कुणाला दाखवावी लागली तर हेच पत्र दाखव.

तुमच्या सिनेमावाल्यांसाठी थोडक्यात सांगून ठेवतो. संशोधन संस्थेच्या वसतिगृहातला एक तरुण तेरा दिवस भांग घेतो. छत, पंखा, सुरई त्याच्याशी बोलू लागतात. तो रोज शुद्धीच्या थोडा आणखी पलीकडे जातो आणि तेराव्या दिवशी जणू स्वतःचंच सुतक संपवून बाहेर येतो. १९८४ साली पाचशे प्रती निघाल्या, चाळीस खपल्या, बाकीच्या वाळवीनं एका बैठकीत वाचल्या. मग पुण्या-नागपूरच्या वसतिगृहांतून झेरॉक्स फिरू लागल्या आणि मी दंतकथा झालो. अजूनही दर होळीला एखादा दाढीवाला दारात येतो: "सर, तेराही दिवस घेतली होतीत?" मी नुसता हसतो. दंतकथेला फार उत्तरं देऊ नयेत.

मी पोटासाठी उंदरांना विषं घालतो, दिवाळी अंकांसाठी विनोद लिहितो, आणि दोन्ही कामं कुणी मनावर घेत नाही. लोकांनी मनावर घेतलेलं माझं एवढं एकच पुस्तक. माझी सगळी अब्रू त्या एकशे चव्वेचाळीस पानांत आहे. सांभाळ.

अट एकच. नायकाला चष्मा देऊ नकोस. का, ते विचारू नकोस.

तुझा
चंदूकाका


गोरेगाव, मुंबई
२७ मार्च २००९

ती. चंदूकाकांस,
साष्टांग नमस्कार.

काका, तुमचं पत्र मी चक्क लॅमिनेट केलंय! आमचे निर्माते विक्रम सर, त्यांनी आधी विचारलं, "राइटर ज़िंदा है?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "अच्छा… फिर लिखवा के लो." त्यांचा चेहरा असा झाला की तुम्ही जिवंत राहून त्यांची गैरसोय केली आहे. मी तुमचं पत्र पुढे ठेवलं. "कर चेष्टा, मनसोक्त कर." पद्माकाकूंनी, म्हणजे माझ्या घरमालकिणीनं, ते त्यांना समजावून सांगितलं. एकदम खूश.

माझ्या मराठीची काळजी सोडा. चार वर्षं झाली इथे. पद्माकाकू मला 'चालेल' आणि 'चालतं' यातला फरक जेवताना शिकवतात, घास हातात असताना. लाल पेनाला मी आता भीत नाही.

सिनेमा हिंदीत होईल, शूटिंग लखनौलाच. चिनहटला एक बंद पडलेली फॅक्टरी बघितली आहे, तिथे वसतिगृहाचा सेट. मला खरी माहिती हवी. तुम्ही कुठल्या दुकानातून आणायचात? पहिल्या दिवशी काय झालं? भीती वाटली? आणि चष्मा का नाही? विचारू नकोस म्हटलंत म्हणूनच विचारते.

अजून एक. हे पुस्तक आपल्या घरी कधीच नव्हतं. मी सोळा वर्षांची असताना मैत्रिणीकडून, सलोनीकडून, झेरॉक्स आणून वाचलं. तुम्ही आणि बाबा त्या वेळी एकाच खोलीत राहायचात ना? बाबांनी वाचलं होतं का? काय म्हणाले? आईला विचारलं तर ती गॅस बारीक करायला उठते. मी अकरा वर्षांची होते काका, बाबा गेले तेव्हा. त्यांच्या हातचं माझ्याकडे दोन वाढदिवसाची कार्डं आणि एक किराण्याची यादी आहे. यादीत 'जिरे' दोनदा लिहिलंय. बस. म्हणून विचारते.

तुमची
देवयानी


अलीगंज, लखनौ
१६ एप्रिल २००९

चि. देवयानीस,
आशीर्वाद.

दुकान चौकातलं, सरकारी परवान्याचं. आपल्या राज्यात या गोष्टीला दुकान असतं, पाटी असते आणि दुकानदाराला दुपारची झोप असते, हे मुंबईच्या माणसांना पटवून द्यायला तुला त्रास होईल. पाटीचा फोटो काढून ने. मात्रेबद्दल काही लिहीत नाही. प्रेक्षकांत अनुकरणप्रिय लोक असतात, आणि मी शेवटी विषशास्त्राचा माणूस आहे.

भीती वाटली का, याचं उत्तर: हो, खोलीत भीती पुष्कळ होती.

चष्म्याचं कारण कलात्मक आहे.

उल्हासला वाचनाचा कंटाळा होता. अहवाल आणि रेल्वेचं वेळापत्रक सोडून त्यानं काही वाचल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे त्याचं मत असं काही नव्हतं. माणूस मात्र लाख होता. वहिनींना जास्त विचारून त्रास देऊ नकोस.

उन्हाळा सुरू झाला आहे. संस्थेतल्या उंदरांना कूलर मिळाला, आम्हाला परिपत्रक मिळालं.

चंदूकाका


अलीगंज, लखनौ
८ फेब्रुवारी २०११

कु. देवयानी यांस,

आज मायना बदलला आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

आज दुपारी संस्थेत जेवणाच्या सुट्टीत तरुण सहकाऱ्यांनी मला संगणकापुढे बसवलं. "सर, आपकी फ़िल्म का ट्रेलर!" मी चष्मा पुसून बसलो. दोन मिनिटं वीस सेकंद. त्यात माझा नायक सुरईपुढे हात जोडून उभा आहे. माझा नायक पंख्याचा इंटरव्ह्यू घेतो आहे. मागे ढोलक. शेवटी पडद्यावर अक्षरं: 'इस होली, होश में मत आइए.' माझ्याभोवती नऊ जण उभे होते आणि नऊही जण हसत होते. वर एक जण म्हणाला, "सर, हमें तो पता ही नहीं था आप इतने मज़ाकिया हैं." मी तीस वर्षं विनोद लिहितो आहे, तेव्हा हे कुणी म्हटलं नाही!

मागच्या वर्षी चिनहटला तू मला शूटिंगला बोलावलंस. खुर्ची दिलीस, चहा दिलास, छत्री धरायला माणूस दिलास. लांबून मला दिसलं की तुझा नट जमिनीवर पडून रडतो आहे. माझा ऊर भरून आला. आता कळलं, तो हसत होता.

त्या पुस्तकानं किती मुलांना अंधारात सोबत केली ते त्यांच्या पत्रांवरून मला माहीत आहे. ती पत्रं दोन खोकी भरून आहेत. त्या मुलांना मी काय सांगू? मी परवानगी दिली ती प्रयत्नाला. टिंगलीला नव्हे. ही फसवणूक आहे, आणि ती उल्हासच्या मुलीनं करावी याचं वाईट जास्त वाटतं.

चं.


गोरेगाव, मुंबई
१५ फेब्रुवारी २०११

ती. चंदूकाकांस,
साष्टांग नमस्कार. रागावलात तरी नमस्कार बदलणार नाही.

काका, तुमचं ते पत्र माझ्यासमोर भिंतीवर आहे. तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंय: 'मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, टिंगल.' त्यानंतर लिहिलंय: 'कर चेष्टा.' मी मराठीत पत्र लिहिलं होतं. मराठी शब्द वापरला होता, मराठी अर्थानं. मला खरंच चेष्टा करायची होती! तुम्हीच ठरवलंत की ही लखनौची पोरगी, हिला काय मराठी येणार. तुम्ही माझं पत्र हिंदीत वाचलंत. आता सांगा, चूक कोणाची?

चला, माझीही अर्धी. तुमचं उत्तर आलं तेव्हा मला कळलं होतं की तुम्ही उलटं समजलात. मी लगेच लिहायला हवं होतं. 'लाल पेनाला भीत नाही' एवढं लिहून मी गप्प बसले, कारण परवानगी हातातून जाईल याची भीती. हे चुकलं. माफ करा.

पण पुस्तक मला समजलं नाही असं म्हणू नका. सोळाव्या वर्षी मी ते दुपारी गच्चीच्या जिन्यात बसून वाचलं. बाकीच्या मुली रडल्या म्हणे. मला इतकं हसू आलं की पोटात दुखायला लागलं. वाक्यं उदास आहेत काका, पण वाक्यांच्या खाली कुणीतरी खूप मजेत बसलंय. मला तोच ऐकू आला. तुम्ही त्याच्यावर काळी चादर घातली आहे, मी फक्त ती ओढली. मी हसत हसत एक पान आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं माझ्या हातातून कागद काढून घेतले, बघितले, परत दिले. मग दोन दिवस बोलली नाही. मला वाटलं, भांगेचं पुस्तक वाचलं म्हणून चिडली.

अठरा मार्चला रिलीज आहे. विक्रम सर घाबरलेत, पुण्यातल्या तुमच्या भक्तांनी त्यांना पत्र पाठवलंय, त्यात सात वेळा 'विटंबना' आहे. हा माझा पहिला सिनेमा आहे. पडला तर दुसरा कुणी देणार नाही. तरी तुम्हाला वाटलं तर जाहीर विरोध करा, मी एक शब्द बोलणार नाही. पण आधी बघा. आईला घेऊन जा.

चष्मा दिलेला नाही. तुमची अट पाळली आहे.

देवयानी


अलीगंज, लखनौ
२७ मार्च २०११

चि. देवयानीस,

सिनेमा पाहिला. पहिल्याच दिवशी, दुपारच्या खेळाला, वासंतीवहिनींना घेऊन.

थिएटरात दोन पक्ष होते. पुढच्या रांगेत बारा तरुण, खास पुण्याहून आलेले, प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तकाची झेरॉक्स, चेहरे तिरडीमागे चालल्यासारखे. आमच्या मागे एक लखनवी कुटुंब, नऊ माणसं, सोबत पुरी-सब्जी. मध्यंतरात पुढचे उठून गेले. त्यांतल्या एकानं मला ओळखलं. "सर, कोर्टात जा. सह्या आम्ही गोळा करतो." त्याच वेळी मागच्या काकू डोळे पुसत म्हणत होत्या, "हाय राम, पेट फट जाएगा, कोई रोको इसे." मला दोघांचाही राग आला.

मी दगडासारखा बसलो होतो, छताच्या प्रसंगापर्यंत. पुस्तकात तिथे नायक म्हणतो, 'छता, ये. कोसळ माझ्यावर.' हे वाक्य लोकांनी वसतिगृहांच्या भिंतींवर रंगवलं आहे. तुझा नायक उठतो, कुर्ता नीट करतो आणि छताला म्हणतो, "आइए छत साहब, तशरीफ़ रखिए. ऊपर खड़े-खड़े आप थक गए होंगे." थिएटर कोसळलं. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

देवयानी, ते वाक्य माझ्या पुस्तकात नाही. ते वहीत आहे.

आता सांगतोच. १९८२ च्या मार्चमध्ये संस्थेत भांगेचे प्रयोग चालू होते, उंदरांवर. उल्हासचं म्हणणं, उंदराला काय वाटतं ते उंदीर सांगत नाही, मग हे कसलं शास्त्र? होळीला जोडून रजा काढून त्यानं तेरा दिवस स्वतःवर प्रयोग केला, आमच्या खोलीत. मी त्याची नाडी मोजत शेजारी बसायचो. मी एक चिमूटही घेतली नाही. मला भीती वाटत होती. 'खोलीत भीती पुष्कळ होती' असं मी तुला लिहिलं, ते याच कारणानं. ती माझी होती. उल्हास संस्थेच्या नोंदवहीत रोज लिहायचा, तारीख, वेळ, नाडी, आणि पुढे जे दिसेल ते. थोडं उतरवून देतो.

'दिवस चौथा. नाडी ९६. छत खाली आलं. म्हटलं, अहो बसा, वर उभं राहून दमला असाल. बसलं नाही. संकोची असावं.'

'दिवस सातवा. पंख्याला नाव विचारलं. उत्तर न देता फिरत राहिला. कायम नोकरीतला दिसतो.'

'दिवस नववा. चंदू शेजारी बसून रडतो आहे. त्याला काहीही दिलेलं नाही. नोंद घ्यावी.'

'दिवस तेरावा. सर्व पूर्ववत. निष्कर्ष: उंदरांना सगळं कळतं, ते बोलत नाहीत एवढंच.'

त्यानंतर त्यानं आयुष्यात पुन्हा भांगेला हात लावला नाही. वही मला वाचायला दिली. "वाच आणि दे परत." मी परत दिली नाही. त्याच्या प्रत्येक 'अहो'चा मी 'अरे' केला, हसणाऱ्याला रडवलं, खाली माझं नाव घातलं. माझ्या नावावरच्या त्या एकमेव गंभीर पुस्तकात गंभीरपणा तेवढा माझा आहे. बाकी सगळं तुझ्या वडिलांचं.

त्यानं पुस्तक वाचलं होतं. वाचनाचा कंटाळा वगैरे मी तुला खोटं लिहिलं. त्यानं खोलीवर येऊन माझी पाठ थोपटली आणि म्हणाला, "चंदू, झकास. पण यातलं हसू कुठं सांडलंस रे?" वही मागितली नाही. स्वतःवर प्रयोग केल्याचं वर कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, म्हणून मी गप्प राहिलो, असं मी मला सांगत आलो. तो १९९५ साली गेला. त्यानंतरची सोळा वर्षं मी कुणाची नोकरी वाचवत होतो?

चष्मा नको म्हणालो, कारण उल्हासला चष्मा होता. तेवढा काढून घेतला की तो तुझ्या सिनेमात शिरणार नाही असं वाटलं. तू त्याला बोलण्यातून आणलंस, आणि तुला ते माहीतसुद्धा नव्हतं.

पुण्याच्या मंडळींना मी कळवलं आहे की विटंबना १९८४ सालीच झाली आणि ती मी केली. सिनेमाविरुद्ध माझी तक्रार नाही. तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. लाल पेन आता तुझ्याकडे.

चंदूकाका


गोरेगाव, मुंबई
३० ऑगस्ट २०११

चंदूकाका,

पाच महिने लिहिलं नाही. चार पत्रं लिहून फाडली. पहिल्यात खूप शिव्या होत्या, हिंदीत. मराठीत मला अजून तेवढ्या येत नाहीत.

मला राग पुस्तकाचा नाही आला. मी तुम्हाला विचारलं होतं की बाबांच्या हातचं माझ्याकडे काही नाही. तेव्हा ती वही तुमच्या कपाटात होती. आणि तुम्ही मला कूलरचा जोक लिहून पाठवलात. त्याचा आला.

छताला 'आप' कुठून आलं, ते सांगते. बाबा सिलेंडर उचलताना त्याला म्हणायचे, "अहो, जरा सांभाळून." दाराला डोकं लागलं तर, "माफ करा हं, घाईत होतो." मला त्यांचा आवाज आठवत नाही काका, पण हे आठवतं. मला वाटलं, नशेतला माणूस वस्तूंशी बोलणार तर असाच बोलेल. म्हणून मी ते हीरोला दिलं. मला काय माहीत की मी ज्याचं त्यालाच देतेय.

सिनेमाचं विचाराल तर, अर्ध्या देशाला मी बेशरम वाटते, अर्ध्याला हुशार. विक्रम सर म्हणतात, "लोग लड़ रहे हैं, मतलब लोग देख रहे हैं." दुसरा सिनेमा मिळाला आहे.

जुलैत घरी आले होते तेव्हा आईशी बोलले. तिला पहिल्यापासून माहीत होतं! मी ते पान वाचून दाखवलं त्या दिवसापासून. छताची आणि पंख्याची गोष्ट बाबांनी तिला लग्नानंतर सांगितली होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "चंदूभावजींना सांगायला किती वर्षं लागतात ते बघत होते." मग तिनं कपाटातून एक कागद काढला. बाबा गेल्यावर संस्थेनं दिलेली यादी, त्यांच्याकडच्या सरकारी वस्तूंची. बावीस वस्तू आहेत. किल्ल्या, सूक्ष्मदर्शक, लायब्ररीची कार्डं, स्टूल. एकवीस वस्तूंसमोर 'प्राप्त'. शेवटच्या ओळीत लाल शाईनं: 'नोंदवही एक. अप्राप्त.' आईचं कुठलंही काम अडलं नाही त्यामुळे. पण ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी कुणाची पेन्सिलसुद्धा ठेवून घेतली नाही कधी. आणि कागदावर हे."

पुस्तकावर बाबांचं नाव घाला, ते तर घालायचंच आहे. पण मूळ वही मला नको. मला झेरॉक्स द्या. मूळ वही जिथली आहे तिथे जमा करा. आईची तेवढीच इच्छा आहे.

अजून पूर्ण माफ केलेलं नाही. पण दिवस नववा मी पाठ केलाय.

देवयानी


अलीगंज, लखनौ
१२ सप्टेंबर २०११

चि. देवयानीस,
आशीर्वाद, घेणार असशील तर.

सोबत झेरॉक्स आहे, एकसष्ट पानं. मी दुकानात स्वतः उभा राहून काढून घेतली. दुकानदार पंख्याच्या नोंदीपाशी वाचत थांबला आणि हसू लागला. त्यामुळे अठ्ठाविसावं आणि एकोणतिसावं पान तिरकं आलं आहे. तसंच राहू दे. उल्हासला आवडलं असतं.

कूलरच्या विनोदाबद्दल तू म्हणतेस तसंच आहे.

प्रकाशकांना नवी आवृत्ती घाईनं हवी आहे, मुखपृष्ठावर तुझा नट घेऊन. मी कळवलं: लेखक उल्हास. खाली बारीक अक्षरांत, 'मोडतोड: चंद्रहास'. ते फोनवर म्हणाले, "सर, चेष्टा करताय का?" मी म्हटलं, "कुठल्या अर्थानं विचारताय?" त्यांनी फोन ठेवला. पण छापणार आहेत.

शुक्रवारी सकाळी वहिनींकडून तो कागद मागून घेतला आणि वहीसकट संस्थेच्या भांडार विभागात गेलो. तिथे चंद्रप्रभाजी बसतात. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत आणि त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. त्यांनी वहीवरचा क्रमांक पाहिला, जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली.

"सर, ये तो बयासी की है."

"जी."

"इश्यू तो इनके नाम है. रखी किसने थी?"

"हमने."

त्यांनी वहिनींच्या कागदावर लाल 'अप्राप्त'वर एक रेघ मारली आणि शेजारी निळ्या शाईनं 'प्राप्त' लिहिलं. मग जमेचं रजिस्टर माझ्यापुढे वळवलं. मी नाव लिहिलं. पद लिहिलं. शेवटच्या रकान्यात 'विलंब का कारण'.

"सर, 'अपरिहार्य' लिख दीजिए. सब वही लिखते हैं."

मी लिहिलं, 'नकल कर रहा था.' पुण्यात याला कॉपी म्हणतात. सही केली, तारीख घातली.

चंद्रप्रभाजींनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "परीक्षा में?"

"जी."

त्यांनी शिक्का मारला.

येताना वहिनींच्या घरावरून आलो. शाई वाळली होती. कागद दाराखालून आत सरकवला. बेल वाजवली नाही.

चंदूकाका